चाचांचा महागाई भत्ता

२०२५ साली १६ जूनला शाळा उघडल्या आणि त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतल्या पालकांची एक बैठक झाली. विषय एकच, रिक्षावाले चाचा. माझी मुलगी सातवीत आहे. पहिलीपासून ती चाचांच्याच रिक्षातून शाळेत जाते. चाचांनी महिन्याचे आठशेचे हजार मागितले होते. व्हॉट्सॲप ग्रुपवर आदल्या रात्रीपासूनच गदारोळ सुरू होता. "एकदम दोनशे?" "ही तर लूट आहे." "पेट्रोल-डिझेल दोन वर्षांत वाढलेलंच नाही, मग यांचंच का वाढतं?" कुणीतरी लिहिलं, "सर, तुम्ही बोला. तुम्हाला हिशेब कळतो."

मी बोललो. आज हा लेख लिहितोय तो त्या बोलण्याची कबुली म्हणूनच.

मी एका अनुदानित उर्दू शाळेत मराठी शिकवतो. बी.एड. झालेला, फळ्यावर आकडे मांडायची सवय असलेला माणूस. वहीचं पान फाडलं आणि सगळ्यांसमोर हिशेब मांडला. चाचांची रिक्षा डिझेलची आहे. सकाळ-दुपारच्या फेऱ्या मिळून रोज साधारण दोन लिटर डिझेल लागतं. महिन्याचे चोवीस दिवस धरले तर अठ्ठेचाळीस लिटर. चाचांनी शेवटचा दर २०१९ साली ठरवला होता. तेव्हा आपल्या परभणीत डिझेल सत्तरच्या आसपास होतं, २०२५ च्या जूनमध्ये त्र्याण्णवच्या आसपास होतं. लिटरमागे तेवीस रुपये वाढले. तेवीस गुणिले अठ्ठेचाळीस, अकराशे चार रुपये. रिक्षात मुलं बारा. प्रत्येकी दोनशे म्हणजे चोवीसशे. "चाचा, खर्च वाढला अकराशे आणि तुम्ही मागताय चोवीसशे. वरचे तेराशे कशाचे?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला आपण काहीतरी मोठं काम केल्यासारखं वाटलं. चाचा थोडा वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सर, हिसाब आपका बराबर है. पर मैं क्या सिर्फ डिझेलच पीता क्या?"

लोक हसले. मीही हसलो. आठशेवर ठराव झाला, चाचा "ठीक है" म्हणून निघून गेले.

दहा-बारा दिवसांनी एका दुपारी पाऊस झाला. मुलगी घरी आली ती एका बाजूने चिंब भिजलेली. उजवा खांदा, उजवी बाही, दप्तराची उजवी बाजू. विचारलं तर म्हणाली, "अब्बू, मी आता पुढे बसते, चाचांच्या बाजूच्या फळीवर. चाचांनी चार मुलं नवीन घेतली ना." म्हणजे बाराची सोळा झाली. चार गुणिले आठशे, बत्तीसशे रुपये. आम्ही दोनशे दिले नाहीत, तर चाचांनी दुसरा रस्ता शोधला. त्या रस्त्यावर माझ्या मुलीचं अर्धं अंग रिक्षाच्या बाहेर होतं.

चाचांनी चूक केली, यात शंका नाही. मुलं कोंबून नेणं नियमात बसत नाही आणि बसू नये. पण ती चूक करायला त्यांना भाग कुणी पाडलं? खर्च वाढला की तो कुठेतरी निघतोच. दर वाढवू दिला नाही तर तो मालातून निघतो, मापातून निघतो, जागेतून निघतो, सुरक्षिततेतून निघतो. गिऱ्हाईक समजतं, मी घासाघीस केली आणि पैसे वाचवले. त्याने वाचवलेलं काहीच नसतं. त्याने फक्त कोणत्या खिशातून द्यायचं ते बदललेलं असतं.

आमच्या शाळेच्या फाटकासमोर चहाचं हॉटेल आहे. व्यावसायिक गॅसचा एकोणीस किलोचा सिलिंडर घरगुती सिलिंडरपेक्षा महाग पडतो. त्याचा दर साधारण दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो, आणि घरगुती गॅसवर पाच टक्के जीएसटी असताना त्याच्यावर अठरा टक्के आहे. मे २०२२ मध्ये तो सिलिंडर दिल्लीत २,३०० रुपयांच्या पुढे गेला होता. आमच्या हॉटेलवाल्याने तेव्हाही चहाचा दर बदलला नाही. काचेचा ग्लास गेला आणि कागदी कप आला, एवढंच. दोन घोट कमी झाले. आम्ही शिक्षक खूश, "बघा, यानं भाव वाढवला नाही." पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्याचंही तेच. पाच रुपये तेच, बिस्किटं कमी.

ज्याला मापही कमी करता येत नाही, त्याचं काय? आमच्या भागातला शेतकरी सोयाबीन आणि कापूस घेतो. नांगरणी, वखरणी, पेरणी, मळणी, मोंढ्यापर्यंतची वाहतूक, यातलं प्रत्येक काम आता डिझेलवर चालतं. ट्रॅक्टरवाला एकरी दर वाढवतो, टेम्पोवाला क्विंटलमागे भाडं वाढवतो. दोघांचंही बरोबर आहे, त्यांनाही पंपावर कुणी उधार देत नाही. पण शेतकरी तीच वाढ पुढे कुणाला सांगणार? २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याहून कितीतरी कमी भावाने पोती गेली. तो मोंढ्यात जाऊन "डिझेल वाढलंय, दोनशे जास्त द्या" असं म्हणू शकत नाही. डिझेल विकत घेताना भाव दुसरा सांगतो, सोयाबीन विकतानाही भाव दुसराच सांगतो. दोन्हीकडून तोच.

इंधनाची दरवाढ पाण्यासारखी उतारावर वाहते. ज्याच्याकडे ताकद आहे तो ती पुढे ढकलतो. मोठी वाहतूक कंपनी बिलात इंधन अधिभार नावाची एक ओळ घालते, तिच्याशी कुणी वाद घालत नाही. एसटी महामंडळाने २५ जानेवारी २०२५ पासून तिकीट १४.९५ टक्के वाढवलं. त्याआधी ऑक्टोबर २०२१ मध्ये १७ टक्क्यांहून जास्त वाढवलं होतं, आणि २०१८ मध्ये १८ टक्के. प्रत्येक वेळी कारणांत डिझेल होतं. आंदोलनं झाली, बातम्या आल्या, पण शेवटी आपण तिकीट काढलंच, कारण ते छापलेलं असतं, त्याच्यावर शिक्का असतो. चाचांच्या दराला शिक्का नाही. म्हणून महामंडळाची ती भाडेवाढ आणि चाचांची ती लूट. एसटीची भाडेवाढ सरासरी तीन वर्षांनी येते. चाचांनी सहा वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं होतं. मधली दोन वर्षं कोरोनात शाळाच बंद होत्या. रिक्षा दारात उभी होती, पण विम्याचा हप्ता काही थांबला नव्हता. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर पालकांची परिस्थिती बघून त्यांनी जुनाच दर ठेवला, आणि तो तसाच राहिला.

आता माझा स्वतःचा हिशेब. तो मी त्या बैठकीत कागदावर मांडला नव्हता.

२०१९ साली माझा महागाई भत्ता मूळ वेतनाच्या बारा टक्के होता. २०२५ च्या जूनमध्ये तो त्रेपन्न टक्के होता. म्हणजे मूळ वेतन शंभर रुपये धरलं तर तेव्हा एकशे बारा मिळत होते आणि २०२५ च्या जूनमध्ये एकशे त्रेपन्न. छत्तीस टक्क्यांहून जास्त वाढ. दरवर्षीची वेतनवाढ आणखी वेगळी. यासाठी मला कुणाच्या दारात जावं लागलं नाही. कुणी माझ्यापुढे वहीचं पान ठेवून विचारलं नाही की सर, तुमच्या स्कूटरला महिन्याला बारा लिटर पेट्रोल लागतं, मग एवढे पैसे कशाचे? महागाई भत्ता का मिळतो? तर पीठ, तेल, भाडं, औषध, कपडा, सगळं महागतं आणि पगारदाराचं घर त्यात बुडू नये म्हणून. निर्देशांक वाढला की भत्ता वाढतो. हे न्यायाचंच आहे, ते सोडून द्यावं असं मी म्हणत नाही.

पण मग चाचांचं घर कोणत्या निर्देशांकावर चालतं? मला छत्तीस टक्के मिळाले, त्यांनी पंचवीस मागितले. आणि मी, छत्तीस टक्के खिशात घालून, त्यांच्या पंचवीस टक्क्यांना लूट म्हणणाऱ्यांचा वकील झालो! "मैं क्या सिर्फ डिझेलच पीता क्या" या वाक्यात अर्थशास्त्राचा आख्खा धडा होता. तो मला कळायला मुलीची भिजलेली बाही बघावी लागली. त्यांनाही पीठ लागतं, त्यांच्याही घरी सिलिंडर येतो. टायर लागतो, ऑइल लागतं, फिटनेस लागतं. जे तेराशे रुपये मी "वरचे" म्हणत होतो, तो त्यांचा महागाई भत्ता होता. गरिबाचा महागाई भत्ता सरकार देत नाही, गिऱ्हाईक देतं. आणि गिऱ्हाईक तो भांडून देतं किंवा देतच नाही.

आता खऱ्या गुन्हेगाराकडे येऊ. कारण चाचा आणि पालक एकमेकांच्या अंगावर जात असताना तिसराच कुणीतरी शांतपणे वसुली करत होता.

पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. सांगितलं असं गेलं, की आता दर बाजार ठरवणार. जगात कच्चं तेल महागलं तर इथे महागेल, उतरलं तर उतरेल. १६ जून २०१७ पासून तर दर रोज सकाळी बदलायला लागला. कागदावर हे ठीक वाटतं. आता प्रत्यक्षात काय झालं ते बघा. जून २०१४ मध्ये कच्चं तेल पिंपाला ११० डॉलरच्या वर होतं. जानेवारी २०१६ मध्ये ते तीसच्याही खाली आलं. त्या घसरणीचा मोठा वाटा पंपापर्यंत पोचलाच नाही, कारण नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात केंद्राने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवलं. २०१४ मध्ये डिझेलच्या लिटरवर ३.५६ रुपये शुल्क होतं, ते १७ रुपयांच्या पुढे गेलं. मग कोरोना आला, जगभर तेल मातीमोल झालं, आणि मे २०२० मध्ये एका रात्रीत पेट्रोलवर दहा आणि डिझेलवर तेरा रुपये शुल्क वाढलं. डिझेलवरचं केंद्राचं शुल्क ३१.८३ रुपये झालं. सहा वर्षांत जवळपास नऊपट.

नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये शुल्क कमी केलं, हेही खरं, ते लपवायचं कारण नाही. जुलै २०२२ मध्ये राज्याने व्हॅट कमी केला, पेट्रोल पाच आणि डिझेल तीन रुपयांनी उतरलं. २०२४ च्या अर्थसंकल्पात मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा जादा व्हॅटही कमी केला. पण मुक्त बाजाराचं नाटक बघायचं असेल तर ४ नोव्हेंबर २०२१ नंतरचे १३७ दिवस आठवा. त्या काळात कच्चं तेल भडकलं, युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि पंपावरचा दर मात्र जागचा हलला नाही. उत्तर प्रदेशासह पाच राज्यांत निवडणुका होत्या. निकाल लागले आणि २२ मार्च २०२२ पासून पंधरा-सोळा दिवसांत लिटरमागे दहा रुपये वाढले. बाजार निवडणुकीच्या सुट्टीवर जातो, हे मी तरी कोणत्या पुस्तकात वाचलेलं नाही.

आणि आणखी एक गोष्ट. २०२५ च्या एप्रिलमध्ये कच्चं तेल साठ-पासष्ट डॉलरवर आलं. आता तरी लिटरमागे चार पैसे उतरतील, असं वाटत असताना केंद्राने पेट्रोल-डिझेलवरचं शुल्क प्रत्येकी दोन रुपयांनी वाढवलं. पंपावरचा दर बदलला नाही, म्हणून कुणाला टोचलं नाही. टोचायला हवं होतं. जो दर उतरायचा होता तो उतरू दिला नाही, ही दरवाढच असते. फक्त तिचा आवाज होत नाही. चहाच्या कागदी कपासारखी.

२०२५ च्या मध्यावर महाराष्ट्रात डिझेलच्या लिटरमध्ये केंद्राचे १७.८० रुपये होते. त्या करासकटच्या किमतीवर पुन्हा राज्याचा एकवीस टक्के व्हॅट. कराच्या डोक्यावर कर. दोन्ही मिळून तेहतीस रुपयांच्या वर जात होते, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त. पेट्रोलवर तर केंद्राचे २१.९० आणि राज्याचा पंचवीस टक्के व्हॅट, वर लिटरमागे ५.१२ रुपये. शंभराच्या नोटेतले पंचेचाळीसच्या आसपास. केंद्राच्या त्या २१.९० मधले फक्त १.४० रुपये मूळ उत्पादन शुल्क होतं, जे राज्यांबरोबर वाटून घ्यावं लागतं. बाकी सगळं अधिभार आणि उपकर या नावांनी होतं आणि ते वाटून घ्यावं लागत नाही. नावं अशी निवडलेली आहेत, की राज्यालाही त्यातलं काही मिळू नये. मग राज्य आपला व्हॅट सोडत नाही. केंद्र राज्याकडे बोट दाखवतं, राज्य केंद्राकडे, आणि आपण दोघं चाचांकडे.

आमची परभणी तर या खेळात कायमची बळी. पेट्रोल कुठे सगळ्यात महाग, अशी बातमी आली की परभणीचं नाव येतं. मुंबईने २९ मे २०२१ रोजी शंभरी ओलांडली, परभणीने त्याआधीच. इथे डेपो नाही, टँकर मनमाडकडून येतो, सुमारे तीनशे किलोमीटर. म्हणजे डिझेल आणायला डिझेल जाळायचं आणि त्याचं भाडं आम्ही भरायचं. व्हॅट टक्केवारीत असल्यामुळे जिथे मूळ दर जास्त तिथे करही जास्त. राज्यातल्या मागास जिल्ह्याने राजधानीपेक्षा जास्त कर भरायचा आणि वर उद्योग का येत नाहीत याच्या परिषदा ऐकायच्या.

तुम्ही म्हणाल, सर, सरकारला पैसा नको का? रस्ते कशातून होणार? तुमचा पगार कुठून येतो? प्रश्न योग्य आहे. माझा पगार करातून येतो. म्हणूनच कर कोण भरतं हे विचारण्याचा मला जास्त अधिकार आहे असं नाही, पण जास्त जबाबदारी नक्की आहे. चाचा शाळेच्या फेऱ्यांसाठी महिन्याला अठ्ठेचाळीस लिटर डिझेल घेतात. वर्षातले दहा महिने धरले तर चारशे ऐंशी लिटर. २०२५ मध्ये लिटरमागे तेहतीस रुपये कर. पंधरा हजार आठशे चाळीस रुपये. फक्त शाळेच्या फेऱ्यांवर, बाकी प्रवासी वेगळे. आणि माझं? २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत प्राप्तिकर लागत नाही. मी त्यात बसतो. म्हणजे त्या वर्षी माझा प्राप्तिकर शून्य होता आणि चाचांचा डिझेलवरचा कर सोळा हजारांना टेकत होता. तरी सभा-समारंभांत "करदाते" म्हणून गौरव होतो तो आमच्यासारख्यांचा, आणि "हे लोक कर भरत नाहीत" हे ऐकावं लागतं चाचांना. एवढी उलटी गंगा आपल्याला दिसत नाही, कारण पंपाच्या पावतीवर कर छापलेला नसतो. किराणा दुकानाचं जीएसटीचं बिल निघालं तर कर वेगळा दिसतो. पंपावर फक्त एकच आकडा दिसतो.

तुम्ही असंही म्हणाल, की मग पेट्रोल-डिझेल जीएसटीत आणा. २०१७ पासून ही चर्चा चालू आहे आणि पाच पेट्रोलियम पदार्थ अजूनही बाहेर आहेत. याचा एक तोटा ग्राहकाला दिसत नाही. मोठा कारखानदार आपल्या कच्च्या मालावर भरलेला जीएसटी वजा करून घेतो, पण डिझेलवर भरलेला कर त्यालाही वजा करता येत नाही. तो किमतीत घुसतो आणि मालाबरोबर फिरत राहतो. पीठ, साबण, सिमेंट, वह्या, सगळ्यात थोडा थोडा. जीएसटीत आणलं तर राज्यांच्या तिजोरीला मोठं भगदाड पडेल हेही खरं, त्यामुळे उद्या सकाळी ते होईल अशा भ्रमात मी नाही. माझी मागणी साधी आहे. पावतीवर कर छापा. कच्चं तेल उतरेल तेव्हा शुल्क वाढवून ती घसरण गिळायची नाही, हा नियम करा. आणि उपकराच्या नावाखाली जे जमा होतं त्यातला वाटा राज्याला द्या, म्हणजे राज्यालाही व्हॅट कमी करायला निमित्त राहणार नाही.

तेल कंपन्यांचंही थोडं बोललं पाहिजे. २०२२ मध्ये दर गोठवलेले असताना त्यांना तोटा झाला, हे मान्य. केंद्राने गॅसच्या तोट्यापोटी त्यांना बावीस हजार कोटी रुपये दिलेही. पण पुढच्या २०२३-२४ या वर्षात तिन्ही सरकारी कंपन्यांनी मिळून सुमारे ८१ हजार कोटी रुपये नफा कमावला. पंपावर दोन रुपये उतरले ते मार्च २०२४ मध्ये, लोकसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर. तोटा झाला की तो देशाचा, नफा झाला की तो कंपनीचा. आपण मात्र चाचांच्या तेराशे रुपयांचा ऑडिट करत बसतो.

व्यापाऱ्यांना मी सोडून देतोय असं समजू नका. डिझेल चढलं की भाडं रातोरात चढतं. एप्रिल २०२२ मध्ये मुंबईत डिझेल १०४.७७ पर्यंत गेलं होतं, २०२५ च्या मध्यावर ते नव्वदच्या आसपास होतं. लिटरमागे चौदा रुपये उतरले. कुठल्या ट्रान्सपोर्टवाल्याने, कुठल्या घाऊक व्यापाऱ्याने त्या चौदा रुपयांतले चार गिऱ्हाइकाला परत दिले? चढताना डिझेलचं नाव घ्यायचं आणि उतरताना मुकं व्हायचं, ही बेइमानीच आहे. जो दरवाढ पुढे ढकलू शकतो, तोच दरकपात खिशात घालू शकतो. ताकद दोन्ही वेळेला त्याचीच.

आणि पालकही सगळे माझ्यासारखे नाहीत. आमच्या बैठकीत गवंडी होते, शिवणकाम करणाऱ्या बायका होत्या, दोघं तर स्वतःच भाड्याची रिक्षा चालवणारे होते. ज्याची तीन मुलं आहेत त्याला सहाशेचा फटका. माझ्या वर्गातल्या मुली पावसाळ्यात गैरहजर राहायला लागल्या की मी विचारतो. बऱ्याचदा कळतं, रिक्षा बंद केली. आणि घरात एकाचीच रिक्षा परवडत असेल तर ती भावाची चालू राहते, बहीण चालत येते किंवा येत नाही. डिझेलवरचा कर माझ्या हजेरीपटावर असा दिसतो. म्हणून "परवडत नसेल तर देऊ नका" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, आणि "लूट" म्हणणाऱ्यांचाही. दोघंही आपल्यापेक्षा कमजोर माणसावर जोर काढतात.

मी ग्रुपवर लिहिलं की माझा हिशेब चुकला होता, पुन्हा बसू. काहींना ते आवडलं नाही. "सर, तुम्हीच तर म्हणाला होता." हो, मीच म्हणालो होतो. दुसऱ्या बैठकीत सगळ्यांसमोर चाचांची माफी मागितली. ते संकोचले. "अरे सर, जाने दो."

मग नवा हिशेब मांडला. दर हजार रुपये. मुलं बाराच, पुढच्या फळीवर कुणी नाही. एका घरातून दोन मुलं असतील तर दुसऱ्याचे आठशे. आणि एक सूत्र, आपल्या पंपावरचा डिझेलचा दर पाच रुपयांनी वाढला तर प्रत्येकी वीस रुपये वाढतील, पाच रुपयांनी उतरला तर वीस उतरतील. पाच गुणिले अठ्ठेचाळीस, दोनशे चाळीस. भागिले बारा, वीस. चढताना जो आकडा, उतरतानाही तोच. दरवर्षी जूनमध्ये बाकीच्या महागाईचं बोलायचं, आणि चाचांनी न मागता आपणच विषय काढायचा. ज्या चार मुलांना उतरावं लागलं त्यांच्यासाठी दुसरी रिक्षा शोधून दिली, तिचं भाडं अकराशे आहे. त्या पालकांचा माझ्यावर राग आहे आणि तो रास्त आहे.

एका आईला हजार परवडत नव्हते. ती भांडली नाही, नुसती गप्प झाली. चाचा म्हणाले, "इनके आठसौच रहने दो." कुणी काही बोलायच्या आत त्यांनीच तो विषय मिटवला. म्हणजे शेवटी सूट दिली तीही चाचांनीच. महागाई भत्ता घेणाऱ्यांपैकी कुणाला ते सुचलं नाही. मलाही नाही. घरी आल्यावर लाज वाटली, आणि पुढच्या महिन्यापासून ते दोनशे मी चाचांच्या हातात देतो. यात माझं मोठेपण नाही. माझा महागाई भत्ता त्या आईच्याही करातून येतो.

तुमच्याही गल्लीत एखादे चाचा असतील. दूधवाले, भाजीवाले, इस्त्रीवाले, टेम्पोवाले. ते दर वाढवून मागतील तेव्हा आधी दोन प्रश्न विचारा. यांनी शेवटचा दर कधी वाढवला होता? आणि त्याच काळात माझा पगार किती वाढला? उत्तर मिळाल्यावर घासाघीस करायची असेल तर खुशाल करा. पण मग तेवढ्याच मोठ्या आवाजात, पंपाच्या पावतीवरचा न छापलेला कर कोण खातं, हेही विचारा. मतं मागायला दारात येतील त्यांना विचारा. तेव्हा आवाज खाली जाणार असेल, तर चाचांसमोर तो चढवायचा आपल्याला काही हक्क नाही.